मधल्या दिवसांत काय घडतं? : वाचकांची पत्रं आणि एका मेंदू-संशोधिकेची उत्तरं

मागच्या अंकात मी माझ्या कामाबद्दल थोडं लिहिलं होतं. कोंबडीच्या गर्भात मेरुरज्जूतल्या चेतापेशी कधी जन्मतात, कुठे जाऊन थांबतात आणि शेवटी किती उरतात, याची मोजणी मी 31 वर्षं केली. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते. लांब पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. मेंदूत 86 अब्ज चेतापेशी असतात असं वाचलं. एवढ्या पेशी येतात कुठून? आणि तुम्ही प्रयोगशाळेत दिवसभर नेमकं काय करायचात? मलाही हेच काम करायचं आहे, त्यासाठी काय शिकू?

तू वाचलेला आकडा बरोबर आहे. पूर्वी सगळीकडे 100 अब्ज लिहिलं जायचं, पण तो अंदाज होता. 2009 मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी मेंदूचं ऊतक विरघळवून त्यातली केंद्रकं मोजली आणि सरासरी 86 अब्ज आली. त्यातल्या बहुतेक, सुमारे 69 अब्ज, एकट्या लहान मेंदूत असतात. हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

आता त्या येतात कुठून ते सांगते. गर्भाच्या ज्या थरातून त्वचा तयार होते, त्याच थराचा पाठीकडचा एक पट्टा खोलगट होतो, त्याच्या कडा उचलल्या जातात, जवळ येतात आणि चिकटतात. त्याची नळी होते. माणसात ही नळी गर्भधारणेपासून चारेक आठवड्यांत मिटते. म्हणजे अनेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे नीट कळायच्या आतच. फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात ते यामुळेच; नळी नीट मिटायला त्याची मदत होते.

या नळीच्या भिंतीतल्या पेशी लांबट असतात. एक टोक आतल्या पृष्ठभागाला, दुसरं बाहेरच्या. पेशी जागच्या जागी असते, पण तिचं केंद्रक आत-बाहेर ये-जा करतं. डीएनएची प्रत तयार होते तेव्हा ते बाहेरच्या बाजूला असतं आणि विभागणीच्या वेळी आतल्या काठाला येतं. 1935 मध्ये सॉअर यांनी हे मेलेल्या, रंगवलेल्या कापांवरून ताडलं होतं. मी ते जिवंत ऊतकात, दर पाच मिनिटांनी काढलेली छायाचित्रं जोडून पाहिलं. त्या रात्री घरी जाववेना. केंद्रकं खाली येत होती, दोन होत होती, पुन्हा वर चढत होती. त्यातली एखादी पेशी भिंत सोडून निघते आणि त्यानंतर पुन्हा कधीच विभागत नाही. तिची शेवटची विभागणी ज्या दिवशी होते, तो तिचा जन्मदिवस. आमच्या बोलण्यात हाच शब्द असतो. कुठल्या दिवशी जन्मली यावरून ती पुढे कुठे राहणार, कुणाशी जोडली जाणार, हे बरंचसं ठरतं.

माझा दिवस अंड्यांनी सुरू व्हायचा. अंडी 38 अंशांवर उबवलेली. अडीच-तीन दिवस झाले की सिरिंजने थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे गर्भ कवचापासून खाली सरकतो. मग वरून कवचाला लहान खिडकी कापायची. गर्भ जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणून त्याच्याखाली पातळ केलेली काळी शाई सोडायची. तो एकदम उठून दिसतो, आणि धडधडणारं हृदयही. टंगस्टनच्या तारेला धार लावून केलेल्या सुईने पायाचा कोंब, म्हणजे जिथून पुढे पाय वाढतो तो उंचवटा, काढून टाकायचा, खिडकीला चिकटपट्टी लावायची, अंडं परत ठेवायचं. नंतरचे दिवस मेणात बसवणं, काप घेणं, रंगवणं. आणि मग मोजणं. डाव्या हातात काउंटर, उजवा हात मायक्रोस्कोपच्या चाकावर, दुपारपर्यंत.

काय शिकू असं विचारतेस. जीवशास्त्र तर शिकशीलच. संख्याशास्त्र मनापासून शिक. आणि रोज चित्र काढ. काचपट्टीवर दिसतं ते पेन्सिलीने कागदावर उतरव. स्पेनमधले चेतासंशोधक काहाल यांनी 1890 मध्ये वाढणाऱ्या चेतातंतूचं टोक, ज्याला आपण वृद्धिशंकू म्हणतो, कोंबडीच्या गर्भात पाहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर स्थिर, मृत ऊतक होतं. ते टोक वाट शोधत पुढे सरकत असणार हे त्यांनी एवढ्यावरून ओळखलं. माझी खात्री आहे की हातात पेन्सिल नसती तर ते त्यांच्याही नजरेतून सुटलं असतं. फोटो काढताना आपण पाहणं यंत्रावर सोपवतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा उभारली ही गोष्ट मुलांना सांगते. ती कितपत खरी? आणि त्यांनी शोधलं काय, ते मुलांना कळेल असं सांगाल का?

गोष्ट खरी आहे, आणि तुम्ही ती सांगता याचा मला फार आनंद झाला. पण ती बहुतेक वेळा खोलीपाशीच थांबते. खोलीत काय दिसलं ते कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

रीता यांचा जन्म 1909 मध्ये इटलीतल्या तोरिनोत झाला. 1936 मध्ये त्या वैद्यकीच्या पदवीधर झाल्या. जुझेप्पे लेव्ही हे त्यांचे गुरू. त्यांच्या शिष्यांपैकी तिघांना पुढे नोबेल मिळालं. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे केले आणि विद्यापीठाचं दार बंद झालं. मग घरातल्या खोलीत एक उबवणीयंत्र, एक मायक्रोस्कोप, घासून धार लावलेल्या शिवणाच्या सुया, घड्याळजीचा चिमटा. गुरूंचीही नोकरी गेली होती, ते शिष्येच्या खोलीत मदतनीस म्हणून आले. बॉम्बफेक वाढल्यावर हे सगळं सामान खेड्यातल्या घरी हलवलं गेलं.

आता शोध. गर्भविकासाचे अभ्यासक व्हिक्टर हॅम्बर्गर यांचा 1934 चा निबंध त्यांच्या वाचनात आला होता. कोंबडीच्या गर्भाच्या अवयवाचा कोंब काढून टाकला की त्या बाजूच्या मेरुरज्जूत आणि गंडिकांमध्ये, म्हणजे मेरुरज्जूबाहेरच्या चेतापेशींच्या पुंजक्यांमध्ये, चेतापेशी फार कमी दिसतात, असं त्यात होतं. हॅम्बर्गर यांचा तर्क असा : अवयवाकडून निरोप येत नाही, म्हणून पेशी चेतापेशी बनतच नाहीत. तर्क वाजवी होता. पण त्यांनी मुख्यतः शेवट पाहिला होता.

रीता यांनी तोच प्रयोग केला आणि मधले दिवस पाहिले. कोंब काढल्यानंतर एकेका दिवसाचा गर्भ घेऊन, चांदीच्या रंगाने रंगवून, त्यांनी मोजणी केली. सुरुवातीला पेशी दोन्ही बाजूंना नेहमीसारख्याच तयार होत होत्या, तंतूही बाहेर पडत होते. त्या नंतर मरत होत्या. म्हणजे जन्माला अडचण नव्हती, जगायला काहीतरी कमी पडत होतं. मुलांना एवढंच सांगा : वर्गात 40 ऐवजी 20 मुलं दिसली, तर 20 जणांनी नावच घातलं नव्हतं की नाव घालून नंतर सोडून गेली, हे वर्षाच्या शेवटी पटावर एकदा नजर टाकून कळत नाही. रोजची हजेरी पाहावी लागते.

इटलीतल्या नियतकालिकांत छापणं शक्य नव्हतं, म्हणून हा निबंध 1942 मध्ये बेल्जियममध्ये छापला गेला. युद्ध संपल्यावर तो हॅम्बर्गर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी रीता यांना अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. आपला तर्क खोडणाऱ्या व्यक्तीला ‘या, आपण दोघं मिळून पाहू’ म्हणणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. त्या 1947 मध्ये काही महिन्यांसाठी गेल्या आणि तीसेक वर्षं राहिल्या. दोघांनी 1949 मध्ये दाखवलं की धडधाकट गर्भातही, कुणी काही कापलेलं नसताना, चेतापेशी मोठ्या संख्येने मरतात. पुढे, 1975 मध्ये, हॅम्बर्गर यांनी पायाच्या स्नायूंना जाणाऱ्या चालक पेशी मोजल्या : सुमारे 20,000 होत्या, 12,000 उरल्या. आणि गर्भाला जादा पाय जोडला तर जास्त पेशी वाचतात, हेही दिसलं. माझं सगळं आयुष्य या 8,000 च्या मागे गेलं असं म्हणा.

तर जगायला कमी काय पडतं? उंदराच्या एका अर्बुदाचा, म्हणजे गाठीचा, तुकडा गर्भावर लावला की चेतातंतू त्यात घुसतात, असं दुसऱ्या एका संशोधकाने 1948 मध्ये दाखवलं होतं. रीता यांनी ते पुन्हा केलं आणि पाहिलं की तंतू सगळीकडे फोफावतात, अगदी रक्तवाहिन्यांच्या आतही. म्हणजे अर्बुदातून काहीतरी पाझरत असणार. 1952 मध्ये अर्बुद असलेले उंदीर बरोबर घेऊन त्या विमानाने रिओ दि जानेरोला गेल्या, कारण काचेच्या भांड्यात ऊतक वाढवण्याची सोय तिथल्या एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत होती. अर्बुदाच्या तुकड्याशेजारी गंडिका ठेवली आणि तिच्याभोवती तंतूंचं सूर्याभोवतीच्या खळ्यासारखं वलय उभं राहिलं. स्टॅन्ले कोहेन यांनी पुढे तो पदार्थ वेगळा करण्याचं काम हाती घेतलं. त्यात न्यूक्लिइक आम्ल आहे का हे तपासायला ते आम्ल तोडणारं सापाचं विष मिसळलं, तर विषातच तो पदार्थ कितीतरी जास्त निघाला. मग सापाच्या विषग्रंथीसारखीच ग्रंथी म्हणून नर उंदराची लाळग्रंथी पाहिली, तिथेही भरपूर. हा ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’, चेतापेशींना जगवणारं प्रथिन. 1986 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हॅम्बर्गर यांचं नाव त्यात नव्हतं. मला ते आजही खटकतं, आणि मुलांना गोष्ट सांगताना तुम्ही त्यांचं नाव गाळू नका अशी विनंती आहे.

रीता 2012 मध्ये वारल्या, वयाच्या 103 व्या वर्षी.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला झटके येतात. एमआरआयमध्ये ‘काही चेतापेशी वाटेतच थांबल्या आहेत, एक जादा थर दिसतो’ असं डॉक्टरांनी सांगितलं. सातव्या महिन्यात मी जिन्यावरून घसरले होते. घरात सगळे त्याचीच आठवण काढतात. माझ्यामुळे झालं का हे?

ताई, नाही.

हे धीर द्यायला म्हणत नाही. तारखा जुळत नाहीत, म्हणून म्हणते.

मघाशी मी पेशीच्या जन्मदिवसाबद्दल लिहिलं. मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशी खोल आत, पोकळीच्या भिंतीपाशी जन्मतात आणि तिथून बाहेर प्रवास करतात. पास्को राकिच यांनी 1972 मध्ये माकडाच्या गर्भात दाखवलं की भिंतीपासून पृष्ठभागापर्यंत ताणलेल्या लांब आधारपेशी असतात आणि चेतापेशी त्यांना बिलगून वर सरकतात. त्याआधी, 1961 मध्ये, उंदरांत जन्मदिवसाची खूण करून पाहिलं तेव्हा कळलं की आधी जन्मलेल्या खालच्या थरात बसतात आणि मागून आलेल्या त्यांना ओलांडून त्यांच्या वर जातात. माणसात हा प्रवास साधारण तिसऱ्या महिन्यात जोर धरतो आणि सहाव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत बहुतेक उरकतो. तुम्ही घसरलात तेव्हा तुमच्या मुलीच्या त्या पेशी ज्या जागी थांबायच्या होत्या तिथे केव्हाच थांबलेल्या होत्या.

मुलींमध्ये असा जादा थर दिसतो तेव्हा बरेचदा कारण ‘डबलकॉर्टिन’ नावाच्या जनुकात असतं. 1998 मध्ये ते सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर आहे. मुलीच्या पेशीत दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत एकच चालू राहतो. ज्या पेशींत चांगली प्रत चालू, त्या मुक्कामी पोहोचतात. ज्यांत बिघडलेली चालू, त्या अर्ध्या वाटेत थांबतात. म्हणून दोन थर. हा बिघाड अनेकदा आई-वडिलांत नसतोच, मुलाच्या बीजातच नव्याने होतो. कुणाच्या वागण्याने, पडण्याने, रडण्याने, ओझं उचलण्याने तो होत नाही.

तुमच्या मुलीत नेमकं हेच जनुक आहे का, ते मी पत्रावरून सांगू शकत नाही. इतर जनुकं असतात, क्वचित गर्भाला झालेला संसर्गही. डॉक्टरांकडे जनुकीय चाचणीबद्दल आणि जनुकीय समुपदेशनाबद्दल स्पष्ट विचारा, विशेषतः पुढच्या बाळाचा विचार असेल तर. झटक्यांचं औषध स्वतःहून बंद करू नका. आणि घरात जो कुणी जिन्याची आठवण काढेल त्याला हे उत्तर वाचायला द्या. वाचून झाल्यावर त्यांच्या काही शंका असतील तर त्यांनीच मला लिहावं, तुम्ही उत्तरं देत बसू नका.

प्रश्न : वय 71. मेंदूत नव्या पेशी तयार होतात, असं एका लेखात वाचलं. दुसऱ्यात होत नाहीत असं होतं. खरं काय?

दोन्ही लेख तुम्ही नीट वाचलेत. संशोधकांतच एकमत नाही. 1998 मध्ये माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी संबंधित भागात, नव्या पेशींच्या खुणा सापडल्या. 2018 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले : एक म्हणतो प्रौढांत त्या जवळजवळ नसतात, दुसरा म्हणतो म्हातारपणीही असतात. ऊतक किती लवकर रसायनात ठेवलं यावर खुणा टिकणं अवलंबून असतं, त्यामुळे वाद सहज मिटणारा नाही. मेंदूच्या बाहेरच्या थराबद्दल मात्र पुरावा भक्कम आहे. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 वाढला होता आणि चाचण्या थांबल्यावर तो उतरत गेला. पेशीच्या डीएनएत तो जन्माच्या वेळचा जसाच्या तसा नोंदला जातो. त्यावरून पाहिलं तर तिथल्या चेतापेशी माणसाइतक्याच जुन्या निघाल्या. तुमच्या त्या पेशी 71 वर्षांच्या आहेत. त्यांच्यातले जोड मात्र आजही बदलतात, हा लेख वाचतानाही.

प्रश्न : पीएचडीचं तिसरं वर्ष. माझी मोजणी आधीच्या निबंधांशी जुळत नाही. मार्गदर्शक म्हणतात, नवीन शोध असेल. मला भीती वाटते की चूक असेल. रात्री झोप लागत नाही. तुम्हाला असं कधी झालं?

झालं, आणि तिसऱ्याच वर्षी.

मी मेरुरज्जूच्या एका भागात सहाव्या आणि बाराव्या दिवशी चालक पेशी मोजल्या होत्या. दोन्हीकडे साधारण 18,000. म्हणजे या भागात पेशी मरतच नाहीत! नवीन गोष्ट होती. परिषदेसाठी सारांश पाठवून झाला होता. एका रात्री जुन्या काचपट्ट्या परत लावताना लेबलं वाचली. सहाव्या दिवसाचे काप 10 मायक्रॉनचे होते. बाराव्या दिवसाचे, वेगळ्या मायक्रोटोमवर (काप घेण्याच्या यंत्रावर) घेतलेले, 5 मायक्रॉनचे.

पेशीचं केंद्रक सुमारे 8 मायक्रॉनचं. पातीखाली ते चिरलं गेलं की एकच केंद्रक दोन कापांत दिसतं आणि दोनदा मोजलं जातं. काप जितका पातळ तितकं हे जास्त. अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी 1946 मध्ये यासाठी दुरुस्ती दिली आहे : मोजलेल्या संख्येला कापाच्या जाडीने गुणायचं आणि जाडी अधिक केंद्रकाची उंची याने भागायचं. मी तिथेच कागदावर केलं. सहावा दिवस : 18,000 गुणिले 10 भागिले 18, म्हणजे 10,000. बारावा दिवस : 18,000 गुणिले 5 भागिले 13, म्हणजे 7,000 ला थोडे कमी. तीस टक्के पेशी मेल्या होत्या आणि माझ्या पातीने त्या लपवल्या होत्या.

सकाळी मार्गदर्शकांना सांगितलं तेव्हा माझा आवाज थरथरत होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “सहा आणि बाराच्या मधले दिवस मोजलेत?” मोजले नव्हते. सारांश मागे घेतला. पुढचे 14 महिने सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा असे सगळे दिवस एकाच मायक्रोटोमवर, एकाच जाडीने कापून पुन्हा मोजले. या वेळी केंद्रकाऐवजी त्यातली केंद्रिका मोजली, कारण ती लहान असते आणि दुभंगण्याचा धोका कमी. सातव्या-आठव्या दिवशी पेशी झपाट्याने कमी होताना दिसल्या. आक्रसलेली, गडद रंगलेली केंद्रकंही नेमकी त्याच दिवसांत सापडली. प्रबंध त्यावरच झाला.

तुमच्या बाबतीत चूक आहे की शोध, हे मला इथून कळणार नाही. पण ते ठरवायला मार्गदर्शकांचा उत्साह उपयोगी नाही आणि तुमची भीतीही नाही. उद्या एवढं करा. एकाच वयाचे दोन गर्भ घ्या. एक तुमच्या नेहमीच्या जाडीने कापा, दुसरा ज्या निबंधाशी जुळत नाही त्यातल्या जाडीने. लेबलं झाकून दुसऱ्या कुणाला काचपट्ट्यांवर फक्त क्रमांक घालायला सांगा, म्हणजे मोजताना कोणता काप कुठला हे तुम्हाला कळणार नाही. दुरुस्ती लावून दोन्ही आकडे जुळले, तर जाडीची शंका मिटली. मग दोन वयांच्या मधला एक दिवस मोजायला घ्या. आकडे घेऊन मला लिहा. पुढच्या अंकाची वाट पाहू नका, मी लगेच उत्तर देईन.